लॅव्हेंडर तेलाची बाटली उघडण्याआधी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरगुती साबण आणि मसाजची तेलं कशी बनवायची, हे मी शिकवते. वर्गाचा विषय कुठलाही असो, मधल्या चहाच्या वेळेत गाडी हमखास लॅव्हेंडरवर येते. झोप लागते का, बाळाला चालतं का, ऑनलाइन दीडशे रुपयांत मिळतं ते खरं की खोटं? तीच उत्तरं दर वेळी नव्याने देण्यापेक्षा एकदा लिहून काढलेली बरी, म्हणून हे पान. मी डॉक्टर नाही. जिथे काम डॉक्टरांचं आहे, तिथे तसं स्पष्ट लिहिलं आहे.

लॅव्हेंडर तेल म्हणजे नेमकं काय? खोबरेलासारखं तेल का?

नाही, आणि सगळा घोळ 'तेल' या शब्दानेच होतो. खोबरेल, तीळ, शेंगदाणा ही घाण्यात गाळलेली स्निग्ध तेलं. लॅव्हेंडरचं तेल गाळत नाहीत, उडवतात. फुलोऱ्याच्या दांड्यांमधून वाफ सोडतात, वाफेबरोबर सुगंधी द्रव्यं वर येतात, ती वाफ थंड केली की पाण्यावर तेलाचा पातळ थर तरंगतो. तो वेगळा काढला की झालं इसेन्शियल ऑइल. खाली उरलेलं सुवासिक पाणी म्हणजे आपल्या गुलाबपाण्याचं लॅव्हेंडरचं भावंड.

कागदावर एक थेंब टाकून बघा. खोबरेलाचा डाग राहतो, लॅव्हेंडरचा थेंब काही तासांत बराचसा उडून जातो. एक लिटर तेलाला साधारण शंभर ते दीडशे किलो ताजी फुलं लागतात. म्हणजे त्या दहा मिलीच्या इवल्याशा बाटलीत किलो-दीड किलो फुलं कोंबलेली असतात. 'नैसर्गिकच तर आहे' म्हणून ते तळहातावर ओतून घेणाऱ्यांनी हा हिशोब आधी डोळ्यांसमोर आणावा.

बाटलीवर नुसतं 'लॅव्हेंडर' लिहिलंय. तेवढं पुरेसं आहे?

अजिबात नाही. बाजारात लॅव्हेंडरच्या नावाखाली निदान तीन वेगळी तेलं फिरतात.

पहिलं खरं लॅव्हेंडर, लॅव्हांड्युला अँगस्टिफोलिया. सौम्य, किंचित गोडसर वासाचं. अरोमाथेरपीत, म्हणजे सुगंधी तेलांच्या उपचारात, लॅव्हेंडर म्हणतात ते हेच. दुसरं स्पाइक लॅव्हेंडर, लॅव्हांड्युला लॅटिफोलिया. नाकात शिरताच व्हिक्सची आठवण होते, कारण त्यात कापूर आणि निलगिरीतलं सिनिओल भरपूर असतं. तिसरं लॅव्हॅन्डिन, म्हणजे या दोघांचं संकरित अपत्य. त्याचं झाड दणकट, तेलाचा उतारा जास्त आणि भाव कमी. जगातल्या साबणांत, फॅब्रिक सॉफ्टनरमध्ये जो लॅव्हेंडरचा वास येतो, त्यातला मोठा वाटा याचा.

मी एवढं खोलात जाते ते कापरामुळे. युरोपियन फार्माकोपिया, म्हणजे औषधांची प्रमाणं ठरवणारा युरोपातला अधिकृत ग्रंथ, त्यानुसार खऱ्या लॅव्हेंडर तेलात कापूर जास्तीत जास्त १.२ टक्के चालतो. लॅव्हॅन्डिनमध्ये तो त्याच्या कितीतरी पट असू शकतो, स्पाइकमध्ये त्याहूनही अधिक. आरतीच्या ताटातला कापूर आपल्याला घरचाच वाटतो, पण पोटात गेलेला किंवा लहान मुलाच्या अंगात भिनलेला कापूर फेफरं आणू शकतो. तेव्हा 'लॅव्हेंडर बाळाला चालतं' हे वाक्य ऐकलं की पहिला प्रश्न: कुठलं? बाटलीवर लॅटिन नाव नसेल, तर मी ती विकत घेत नाही.

चौथं एक नाव युनानी दुकानांत ऐकू येतं: उस्तुखुद्दूस. ते लॅव्हांड्युला स्टोएकसचं वाळलेलं फूल. युनानी वैद्य त्याला 'जारूब-ए-दिमाग', म्हणजे मेंदूचा झाडू म्हणतात. नाव मला फार आवडतं, पण ती वेगळी वनस्पती. तिचे गुण आणि मात्रा आपल्या बाटलीला चिकटवू नयेत.

वास येतो तो कशामुळे?

मुख्यतः दोन रेणूंमुळे: लिनालूल आणि लिनालिल अॅसिटेट. फार्माकोपियाच्या मापात लिनालूल २० ते ४५ टक्के आणि लिनालिल अॅसिटेट २५ ते ४७ टक्के. बाकी पुष्कळ घटक थोडे थोडे.

लिनालूल आपल्या ओळखीचं आहे. धन्याच्या तेलात तर ते निम्म्याहून जास्त असतं. फरक इतकाच की धन्यातला रेणू हा लॅव्हेंडरमधल्या रेणूचं आरशातलं प्रतिबिंब आहे, डाव्या-उजव्या हातासारखा. नाकाला हा फरक कळतो. धने भाजताना लॅव्हेंडरची आठवण होत नाही, ती यामुळेही. भेसळ पकडतानाही हाच डावा-उजवा भेद कामी येतो. ते पुढे येईलच.

याने खरंच झोप लागते का?

प्रामाणिक उत्तर: मन शांत व्हायला मदत होते, याला बऱ्यापैकी आधार आहे. निद्रानाश बरा होतो, याला नाही.

जपानच्या कागोशिमा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ साली उंदरांवरचा एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. लिनालूलचा वास दिलेले उंदीर कमी घाबरट वागले. ज्यांची वास घेण्याची क्षमता नष्ट केली होती, त्यांच्यावर काहीच परिणाम झाला नाही. म्हणजे काम फुप्फुसातून रक्तात जाऊन नाही, तर नाकातून मेंदूकडे जाणाऱ्या वाटेने होत होतं. शिवाय चिंतेवरच्या गोळ्या मेंदूत जिथे काम करतात ती जागा औषधाने अडवली, तर परिणाम नाहीसा झाला. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे धरूनही यातून दिशा कळते.

माणसांवरचे वासाचे प्रयोग बरेच झालेत, पण बहुतेक लहान, आणि त्यात एक मूळची अडचण आहे: लॅव्हेंडरचा वास लपवायचा कसा? आपल्याला खरं तेल मिळालंय की खोटं, हे ज्याच्या त्याच्या नाकाला कळतंच. मग परिणाम तेलाचा किती आणि 'आता बरं वाटेल' या भरवशाचा किती, हे वेगळं काढणं अवघड.

मी स्वतः वापरते. उशीजवळच्या रुमालावर एक थेंब. त्याने झोप लागते की रोज रात्री फोन बाजूला ठेवून तो थेंब टाकण्याच्या सवयीने लागते, हे मला सांगता यायचं नाही आणि खरं सांगायचं तर शोधायचंही नाही. पण आठवड्यामागून आठवडे झोप उडाली असेल, घोरताना श्वास अडकत असेल किंवा मन सतत काळवंडलेलं असेल, तर रुमाल बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे जा.

परदेशात लॅव्हेंडरच्या कॅप्सूल मिळतात म्हणे. मग दोन थेंब पाण्यातून घेतले तर काय बिघडलं?

बरंच. जर्मनीत सिलेक्सान नावाच्या लॅव्हेंडर तेलाची ८० मिलिग्रॅमची कॅप्सूल चिंता आणि अस्वस्थतेसाठी औषध म्हणून नोंदवलेली आहे. तिची तुलना प्लासिबोशी, म्हणजे औषध नसलेल्या नकली गोळीशी झाली आहे, लोराझेपाम या चिंतेवरच्या गोळीशीही झाली आहे आणि निष्कर्ष चांगले आले आहेत. (तिचा एक ठरलेला दुष्परिणाम म्हणजे लॅव्हेंडरच्या वासाचे ढेकर.) पण त्या तेलाची रचना ठरवलेली असते, मात्रा मोजलेली असते आणि रुग्णावर कुणाचं तरी लक्ष असतं.

आपली बाटली कॉस्मेटिकची किंवा खोलीत वास पसरवायची. त्यात काय आहे हे बहुतेकदा विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. पाण्यात टाकलेलं तेल मिसळत नाही, वर तरंगतं आणि पहिल्या घोटाला तोंडाच्या, घशाच्या नाजूक कातडीला निव्वळ तेलच चिकटतं. त्यात झोपेच्या किंवा चिंतेवरच्या गोळ्या चालू असतील तर गुंगी वाढण्याची शक्यता. माझ्या वर्गातला एकच न मोडता येणारा नियम आहे: पोटात नाही. चहातही नाही, केकमध्येही नाही.

लॅव्हेंडर न मिसळता थेट कातडीवर लावलं तरी चालतं, असं ऐकलंय.

या समजुतीमागे एक गोष्ट आहे. फ्रान्समधल्या ल्योंचे रसायनशास्त्रज्ञ रने-मॉरिस गॅटफोसे यांचा हात प्रयोगशाळेत भाजला, त्यांनी तो चुकून लॅव्हेंडरच्या पिंपात बुडवला आणि चमत्काराने तो बरा झाला, अशी ही गोष्ट सांगतात. 'चुकून' आणि 'पिंप' हे दोन्ही मागाहून चढलेले दागिने. स्फोट १९१० साली खराच झाला होता. भाजलेल्या हातांत वायुकोथ, म्हणजे गॅस गँगरीन पसरू लागला, आणि तेव्हा त्यांनी जाणूनबुजून लॅव्हेंडरच्या अर्काने जखम धुतली. सुगंधी द्रव्यं हाच त्यांचा धंदा होता. काय वापरतोय हे त्यांना पक्कं माहीत होतं. पुढे १९३७ साली त्यांनी पुस्तक लिहिलं आणि 'अरोमाथेरपी' हा शब्द रूढ झाला. तो काळ प्रतिजैविकांच्या आधीचा. हातात दुसरं फारसं काही नव्हतं.

आज स्वयंपाकघरात हात भाजला तर वीस मिनिटं नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली धरा. टूथपेस्ट नाही, हळद नाही, बर्फ नाही आणि लॅव्हेंडरही नाही. फोड मोठा असेल, चेहऱ्यावर किंवा सांध्यावर भाजलं असेल, तर थेट दवाखाना.

एखाद्या वेळी थेंब बोटाला लागला म्हणून आभाळ कोसळत नाही. पण रोज, तेच तेल, न मिसळता, ही सवय ॲलर्जीला आमंत्रण देते.

मग मिसळायचं किती?

एक मिली म्हणजे साधारण वीस थेंब धरा. झाकणाप्रमाणे हा आकडा बराच बदलतो, त्यामुळे विक्रीसाठी बनवणाऱ्यांनी थेंब मोजू नयेत, वजन करावं. घरच्यासाठी थेंब पुरतात.

१०० मिली तेलात २० थेंब म्हणजे एक टक्का. मोठ्या माणसाच्या अंगाला मसाज करायचा तर एक ते दोन टक्के, म्हणजे १०० मिलीला २० ते ४० थेंब. चेहऱ्याला याच्या निम्मं किंवा एक टक्क्यापर्यंत. म्हातारी माणसं, पातळ किंवा खाजरी कातडी यांना अर्धा टक्का. एका वेळेपुरतं हवं असेल तर टेबलस्पूनभर तेलात तीन थेंब टाकले की एक टक्का झाला.

आधाराला खोबरेल, तीळ, बदाम, जोजोबा, काहीही चालतं. थंडीत खोबरेल गोठतं, तेव्हा तीळ. पाणी आणि कोरफडीचा गर मात्र चालत नाही, त्यात तेल विरघळत नाही. 'जास्त थेंब, जास्त गुण' हे गणित इथे चुकतं. वास जितका उग्र, तितकं डोकं चढण्याचीच शक्यता जास्त.

ॲलर्जी होते का? लॅव्हेंडर तर सर्वांत सौम्य म्हणतात.

सौम्य आहे, पण ताजं असेतोवर. या पानावरची एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

बाटली उघडली की आत हवा जाते. हवेतल्या प्राणवायूशी लिनालूल आणि लिनालिल अॅसिटेट हळूहळू संयोग पावतात आणि हायड्रोपरॉक्साइड्स तयार होतात. ताजं लिनालूल कातडीला फारसं त्रास देत नाही. ही हायड्रोपरॉक्साइड्स मात्र चांगलीच ॲलर्जी आणतात. स्वीडनमधल्या त्वचारोग संशोधकांनी यावर वर्षानुवर्षं काम केलंय. म्हणूनच सुगंध उद्योगाच्या नियमांत लिनालूल असलेल्या मालातल्या परॉक्साइडला मर्यादा घातलेली आहे, आणि युरोपात अंगावर राहणाऱ्या क्रीममध्ये ०.००१ टक्क्याहून जास्त लिनालूल असेल तर वेष्टनावर ते नाव छापावं लागतं.

जपानमध्ये १९९० ते १९९८ या काळात, सौंदर्यप्रसाधनांमुळे पुरळ उठल्याचा संशय असलेल्या रुग्णांची लॅव्हेंडर तेलाने पॅच टेस्ट, म्हणजे कातडीवर थोडंसं लावून ॲलर्जी तपासण्याची चाचणी, केली जात होती. सुरुवातीला ॲलर्जी निघणाऱ्यांचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास होतं, १९९८ साली ते १३.९ टक्क्यांवर गेलं. अधल्यामधल्या वर्षांत काय घडलं होतं? अरोमाथेरपीची आणि उशीत लॅव्हेंडर ठेवण्याची फॅशन आली होती. वापर वाढला, ॲलर्जीही वाढली.

माझाच अनुभव सांगते. तीन-चार वर्षांची अर्धी बाटली न्हाणीघरातल्या फळीवर पडून होती. वास जरा टर्पेंटाइनकडे झुकला होता, पण महागाचं तेल टाकवेना. मनगटावर लावलं, दोन दिवसांनी लाल चट्टे. तेव्हापासून नव्या बाटलीवर पहिल्या दिवशी मार्करने तारीख लिहिते. ही ॲलर्जी एकदा जडली की सहसा जन्मभर राहते आणि मग लिनालूल असलेला शाम्पू, साबण, सेंट सगळंच जपून निवडावं लागतं. माझं थोडक्यात निभावलं.

पॅच टेस्ट घरी करायची तर मिसळलेलं तेल, निव्वळ नव्हे, कोपराच्या आतल्या बाजूला दिवसातून दोनदा, आठवडाभर लावून पाहा. चोवीस तासांत काही झालं नाही म्हणजे कधीच होणार नाही, असं नाही.

डिफ्यूझरमध्ये किती? आणि कापूरदाणीत टाकलं तर?

पाण्याच्या डिफ्यूझरमध्ये १०० मिलीला तीन ते पाच थेंब. अर्धा तास लावा, बंद करा, खिडकी थोडी उघडी असू द्या. नाक वासाला सरावतं आणि आपल्याला वाटतं वास गेला. मग आणखी थेंब पडतात. बाहेरून आलेल्या माणसाला विचारा, तो दारातच नाक मुरडेल. दम्याचं कुणी घरात असेल तर डिफ्यूझर लावण्याआधी त्याला विचारा. सुगंध कितीही गोड असला तरी दम्याची उबळ आणू शकतो.

विजेच्या कापूरदाणीचा प्रश्न अलीकडे फार येतो. तिची तबकडी कापूर उडवण्यासाठी तापते, त्यावर थेट तेल टाकलं की ते करपतं आणि खोलीभर जळकट धूर होतो. लॅव्हेंडर तेलाचा ज्वलनांक सत्तर अंशांच्या आसपास असतो, म्हणजे ज्योतीजवळ ते पेट घेऊ शकतं. निरांजन, समई, पेटती मेणबत्ती यांत वरून थेंब टाकायचे नाहीत. आणि लॅव्हेंडरची उदबत्ती ही अरोमाथेरपी नाही. त्यात बहुधा कृत्रिम सुगंध असतो आणि धूर तर नक्की असतो.

आंघोळीच्या बादलीत टाकू?

बादलीत तेल वर तरंगतं. पहिला तांब्या घेतला की सगळं तेल एकाच जागी, आणि नाजूक जागी गेलं तर आगआग. दोन-तीन थेंब आधी चमचाभर बिनवासाच्या शाम्पूत किंवा लिक्विड सोपमध्ये घोळवा, मग पाण्यात टाका.

दिवाळीत अभ्यंगाला काही जणी सुवासिक तेलात आणखी लॅव्हेंडर घालतात. त्या तेलात आधीच सुगंध असतो, किती ते आपल्याला माहीत नसतं. घालायचंच तर साध्या तिळाच्या तेलात घाला.

गरोदर असताना चालेल?

पहिले तीन महिने मी कुठलंच इसेन्शियल ऑइल अंगाला लावायला सांगत नाही, कारण त्या काळाबद्दल पुरेशी माहितीच नाही. पुढे एक टक्क्याच्या आत, अधूनमधून, आणि आपल्या डॉक्टरांना सांगून. वासच सोसत नसेल तर विषय संपला. त्या दिवसांत नाक सगळ्यात शहाणं असतं.

लहान मुलांना?

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला काहीही नको. त्याच्या नाकाला आईच्या अंगाचा वास ओळखायचा असतो, त्यात आपला सुगंध कशाला घुसवायचा? दोन वर्षांपर्यंत मी अंगाला लावत नाही. त्यापुढे अर्ध्या टक्क्यापर्यंत, म्हणजे १०० मिलीला दहा थेंब, तेही खरं लॅव्हेंडर. सर्दीत ओव्याची पुरचुंडी जवळ ठेवतात तशी कापराची पुरचुंडी, नाकाखाली निलगिरी, वर लॅव्हेंडर, हा सगळा मारा एकदम करणारी घरं मी पाहिली आहेत. कापूर आणि निलगिरी या दोन्हींमुळे लहान मुलांना झटके आल्याची वैद्यकीय नोंद आहे. ते बंद करा.

'लॅव्हेंडरने मुलग्यांची छाती वाढते' ही भीती २००७ सालच्या न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमधल्या एका लेखातून आली. वयात न आलेल्या तीन मुलग्यांच्या छातीत वाढ दिसली. ते लॅव्हेंडर, किंवा लॅव्हेंडर आणि टी ट्री असलेली साबण-लोशनं वापरत होते, आणि बंद केल्यावर वाढ ओसरली. प्रयोगशाळेत पेशींवर या तेलांचा इस्ट्रोजेनसारखा क्षीण परिणाम दिसला. पण तीन मुलगे म्हणजे पुरावा नव्हे, आणि पुढे बऱ्याच मुलांची पाहणी झाली तेव्हा असा संबंध दिसला नाही. एखाद्या साबणाने घाबरून जाऊ नका. तरी रोज सकाळ-संध्याकाळ, वर्षानुवर्षं तेच लोशन मुलाला चोपडत राहायचंही कारण नाही. छातीत गाठ जाणवली तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

घरात मांजर आहे.

मग डिफ्यूझर नको, किंवा मांजर दुसऱ्या खोलीत. आपलं यकृत अशा द्रव्यांना ज्या प्रक्रियेने शरीराबाहेर काढतं, ती मांजरात फार दुबळी असते. त्यात मांजर अंग चाटतं, म्हणजे अंगावर बसलेलं पोटात जातं. पिसवांसाठी मांजराला लॅव्हेंडर चोळणं हा शुद्ध अघोरीपणा आहे. पिंजऱ्यातले पक्षीही हवेतल्या अशा द्रव्यांना फार हळवे असतात. कुत्र्याचं तेवढं कडक नाही, पण त्याला खोलीबाहेर जाता यायला हवं.

डास पळतात का?

थोडा वेळ, थोडेसे. तेल उडून जातं, त्याबरोबर गुणही. डेंग्यूच्या दिवसांत मुलांना लॅव्हेंडरच्या भरवशावर खेळायला पाठवू नका. डीईईटी किंवा पिकॅरिडिन असलेलं क्रीम आणि मच्छरदाणी हवीच.

लावून उन्हात गेलं तर कातडी काळी पडते का?

नाही. तो दोष लिंबू किंवा बर्गमॉटच्या दाबून काढलेल्या तेलांचा.

खरं-खोटं घरी कसं ओळखायचं?

घरी नाही ओळखता येत, हेच खरं उत्तर. कागदावर डाग राहिला तर स्निग्ध तेलाची भेसळ आहे एवढं कळतं, पण ती फार बाळबोध भेसळ झाली. आजची भेसळ हुशार असते: लॅव्हॅन्डिनला लॅव्हेंडर म्हणून विकणं, किंवा कारखान्यात बनवलेलं लिनालूल आणि लिनालिल अॅसिटेट मिसळून मापं जुळवणं. वास बेतशीर, डाग नाही, फ्रीजमध्ये गोठतही नाही.

ती पकडायला गॅस क्रोमॅटोग्राफी, म्हणजे तेलातले घटक वेगवेगळे करून मोजणारी चाचणी लागते. आणि तिथे तो धन्याचा डावा-उजवा भेद उपयोगी पडतो. खऱ्या लॅव्हेंडरमधलं लिनालूल जवळजवळ सगळं एकाच हाताचं असतं, कारखान्यातलं साधारणपणे दोन्ही हातांचं निम्मं-निम्मं. योग्य चाचणी लावली की चोरी उघडी पडते.

ग्राहकाने एवढं पाहावं: लॅटिन नाव, देश, बॅच नंबर, तेल काढल्याचं वर्ष, आणि मागितल्यावर त्याच बॅचचा चाचणी अहवाल. ज्या दुकानात गुलाब, चंदन, लॅव्हेंडर आणि मोगरा, सगळ्यांच्या बाटल्या एकाच भावाला आहेत, तिथून मुकाट बाहेर पडावं. 'थेरप्युटिक ग्रेड' हा शिक्का कुठलीही सरकारी संस्था देत नाही. तो बाटली विकणाऱ्यानेच मारलेला असतो. आणि लॅव्हेंडरने मधुमेह, कर्करोग बरा होतो अशी जाहिरात दिसली तर ती १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्याला धरून नाही, हे विक्रेत्याला ऐकवायला हरकत नाही.

भारतात पिकतं का? आणि आपल्याकडे लावता येईल?

पिकतं, आणि आता चांगलं पिकतं. जम्मूच्या डोडा जिल्ह्यात पाच हजार फुटांवरचं भद्रवाह हे त्याचं माहेरघर झालंय. सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेच्या अरोमा मिशनमधून जम्मूच्या आयआयआयएम संस्थेने शेतकऱ्यांना रोपं दिली, तेल काढण्याची यंत्रं बसवली, आणि मका पिकवणाऱ्या लहान शेतकऱ्यांनी लॅव्हेंडर लावलं. तिकडे याला जांभळी क्रांती म्हणतात. २०२२ साली भद्रवाहमध्ये लॅव्हेंडरचा उत्सवही भरला. मी स्वतः आता भद्रवाहचंच तेल घेते. फ्रान्सचं हॉट-प्रोव्हान्स भागातलं तेल अप्रतिम असतं, त्याला १९८१ पासून मूळस्थानाचं मानांकन आहे. पण जगात सगळ्यात जास्त लॅव्हेंडर तेल बल्गेरियात निघतं, फ्रान्समध्ये नव्हे. बाटलीवर नुसता आयफेल टॉवर छापलेला असेल तर त्याला भुलू नका.

महाबळेश्वरच्या थंडीत होईल, असं पुष्कळांना वाटतं. थंडी एक वेळ पुरेल, पण तिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. लॅव्हेंडरला हवी कोरडी, निचऱ्याची, चुनखडीची जमीन. आपल्या पावसाळ्यात मुळं कुजतात. पुण्यात कुंडीत हौस म्हणून लावता येतं, पावसाळ्यात वळचणीखाली घ्यायचं. तेल काढण्याची स्वप्नं नकोत.

गंमत अशी की लॅव्हेंडरचं रानटी गणगोत आपल्या दारातच आहे. लॅव्हांड्युला बायपिनाटा दख्खनच्या माळांवर फुलते, आणि लॅव्हांड्युला गिब्सोनी तर सह्याद्रीतच सापडते. फुलं बघा, फोटो काढा, उपटू नका. त्यांच्यापासून बाजारातलं तेल निघत नाही.

कुणी तेल प्यायलं किंवा डोळ्यात गेलं तर?

डोळ्यात गेलं तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याने धुवा, मग डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. मुलाने बाटली तोंडाला लावली असेल तर उलटी करवू नका; उलटीच्या वेळी तेल फुप्फुसात गेलं तर धोका वाढतो. मिठाचं पाणी नाही, दूध नाही. ठसका, पेंग, झटका यांची वाट न पाहता रुग्णालयात न्या आणि बाटली बरोबर घ्या, म्हणजे डॉक्टरांना नाव वाचता येईल. दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्र चोवीस तास चालू असतं, तिथला सल्ला डॉक्टर घेऊ शकतात.

बाटली ठेवायची कशी आणि किती दिवस?

गडद काचेची बाटली, झाकण घट्ट, अंधारी थंड जागा. फ्रीज उत्तम, मुलांच्या हाताला न लागेल अशा कप्प्यात. रबराचा ड्रॉपर बाटलीवर कायमचा लावून ठेवू नका, तेल रबर खातं. मोठी बाटली अर्धी झाली की लहान बाटलीत काढा, म्हणजे वर हवा कमी राहते. उन्हाळ्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेली बाटली महिन्याभरात म्हातारी होते. उघडल्यापासून दोन वर्षं, फार तर तीन. त्यानंतर कातडीसाठी नाही.

आणि जुनं झालेलं महागाचं तेल? फेकवत नाही.

मलाही नाही फेकवलं. कापसाच्या बोळ्यावर चार थेंब टाकून चपलांच्या कपाटात, हात लागणार नाही अशा कोपऱ्यात ठेवा. मनगटावर चट्टे आणणारी माझी ती बाटली गेली दोन वर्षं तिथेच कामाला आहे.